जड ऑक्सिजनच्या गोळ्या

“साहेब, दिगंबरचा पुरावा तुम्ही भाजून टाकलात.” वनजाने पत्राची पहिली ओळ लिहिली आणि ती खोडली नाही.

दिगंबर, तिचा नवरा, महिन्यापूर्वी गेला. बिनअडथळा वीज वाहणाऱ्या अतिसंवाहकांत अणूंच्या थरथरीचा इलेक्ट्रॉनांशी काही संबंध नसतो, असं त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, साहेब, भर सभेत म्हणाले होते. दिगंबरने अशा अतिसंवाहकाच्या काळ्या गोळ्यांमधला साधा ऑक्सिजन काढून जड ऑक्सिजन भरला. जड अणू संथ थरथरतात. मग अडथळा संपायला थोडी जास्त थंडी लागली, म्हणजे संबंध होता! पण दुसऱ्या कुणी मोजल्याशिवाय मानणार कोण?

म्हणून ती आज बेळगोळच्या प्रयोगशाळेत गोळ्या आणायला गेली होती. भट्टी सांभाळणाऱ्या येसाजीरावांनी डबी पुढे केली.

“साहेब बोलले, ओल धरलीय, शेकून दे. बघ की अम्मा, काळ्या त्या काळ्याच!”

“साध्या हवेत शेकल्या, मामा?”

“अय्यो, मग काय हवा विकत आणायची?”

दिगंबरने ती विकतच आणली होती, जड ऑक्सिजनची. भट्टीत जड ऑक्सिजन उडून गेला, साधा आत बसला. झाकणावर दिगंबरच्या अक्षरात ‘जड’ लिहिलेलं होतं, तेवढंच उरलं. वनजाने डबी लावली. म्हाताऱ्याला काय बोलायचं? त्याला कुठे ठाऊक होतं? साहेब मात्र भट्टीत ऑक्सिजन असा बदलतो, हेच वीस वर्षं शिकवत आलेत.

तिने शेवटची ओळ लिहिली: “शेकायला सांगताना तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? एका शब्दात उत्तर द्या.”