गादी बंद

माझा खुबा बदलून तीन महिने झाले होते. तेवढ्या काळात मी डॉक्टरचा एकच शब्द घोकत बसलो. लातूरच्या दवाखान्यातून निघताना पडद्यापलीकडे तो माझ्या पोराला, मन्मथला, सांगत होता, "आता यांची गादी बंद."

उदगीरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. चाळीस वर्षं मी तिथं गल्ल्याजवळच्या गादीवर मांडी घालून बसलो. त्या डॉक्टरला गादीचं सांगितलं कोणी? माझी बायको महादेवी समजावून थकली, की मांडी घातली तर नवा सांधा निसटतो, म्हणून खाली बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी मान हलवली, पण पटलं नाही. त्या साली दुष्काळ पडला होता, गावात थेंबभर पाणी नव्हतं, आमच्या घरात मात्र कुठंतरी पाणी मुरत होतं.

मन्मथ दुकानाविषयी चकार शब्द काढत नसे. जेवताना पाय कसा आहे विचारायचा आणि ताटात बघायचा. शेजारचा दुकानदार सिद्रामप्पा भेटायला आला, त्यानं आगीत तेल ओतलं. उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली आहे, झाला तर बाजारातल्या जागांना सोन्याचा भाव येईल, आणि तुमचा मन्मथ हल्ली गिऱ्हाइकांशी लई गोड बोलायलाय, असं तो म्हणाला. मी काय ते समजलो. पोरगा गादीवर बसला, आता जागा विकणार. मला भीती वाटली, ती लंगडं होण्याची नव्हती. घरात नकोसं होण्याची होती.

मग मी व्यायामाला लागलो. शिकवायला येणाऱ्या बाईला वाटायचं, आजोबांना केवढी उमेद! उमेद कसली, संशय होता. त्याच्याच जोरावर मी वॉकर सोडून काठीवर आलो.

एका सकाळी टँकर आला आणि महादेवी घागरी घेऊन गल्लीत गेली. मी चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन रिक्षा केली. चोर रंगेहाथ धरायचा, एवढंच डोक्यात होतं.

दुकानात मन्मथ एका बाईला लुगडी दाखवत उभा होता. उभाच. पावलं सुजलेली. गल्ल्याजवळची गादी रिकामी होती, लोडावर माझ्या कोपराचा खळगा तसाच होता. बाई जाईपर्यंत मी दाराशी थांबलो.

"गादीवर कोण बसतंय?" मी विचारलं.

"कोणीच न्हाई."

"आन् तू?"

"तुम्ही बसवलं न्हाई, अप्पा."

आमच्यात गादी कोणी आपणहून घेत नाही. बाप हाताला धरून बसवतो, कपाळाला भस्म लावतो. माझ्या बापानं मला तेविसाव्या वर्षी बसवलं होतं. मन्मथ चव्वेचाळीस वर्षांचा झाला, त्याचे केस पांढरे झाले, आणि मला ती आठवण कधी झाली नाही. झाली नाही हेही खोटं. झाली होती, मी टाळली.

मला लाज वाटली. चोर धरायला आलो होतो, तो मीच निघालो.

भिंतीतल्या देवळीतलं भस्म घेतलं. मला वाकता येत नव्हतं, म्हणून त्यानंच मान खाली घातली. कपाळावर तीन बोटं ओढली आणि त्याचा हात धरून म्हणालो, "बस."

तो बसला. एका क्षणात मांडी घालून, लोडाला टेकून, जणू कितीतरी वर्षं सराव केला असावा. माझे डोळे भरून आले होते, तरी जुना संशय पुन्हा डोकावला आणि मी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.