नू-झे-मों लिहिलेली पाटी

मित्रांनो, मी ठाण्याहून आलेली एक जुनी दगडी पाटी. माझ्यावर इतकं लिहिलं आणि पुसलं गेलं, की काळा रंग जाऊन मी करडी झाले. माझ्या मालकीणबाई, ठाण्याच्या यहुदी योखेवेदबाय, लहानपणी माझ्यावरच बाराखडी शिकल्या. इस्राएलला येताना त्यांनी मला ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवलं, आणि तिथल्या ओफाकिम गावात आल्यावर माझं पिठाच्या डब्याचं झाकण केलं.

१९६३ साली त्यांच्या मुलीचं, लेआचं, मेइरशी जमलं. मेइरची आई मझल मोरोक्कोची. तिला मराठी येत नव्हती, हिब्रूही धड नाही. फ्रेंच मात्र अस्खलित. "ही भारतातली माणसं यहुदी कशावरून?" म्हणून ती लग्नाला तयार नव्हती.

"मीच जाऊन बोलते तिच्याशी," योखेवेदबाय म्हणाल्या.

"दाय, इमा!" लेआ आईवर वैतागली. "पुरे! मेइर सांगेल ना."

पण त्यांनी फ्रेंच शिकायचं ठरवलं आणि मला धुतलं. कारखान्यातून दमून आल्या, की त्या मला घेऊन शेजारच्या पनीनाकडे बसायच्या. पनीनाने मुंबईच्या शाळेत फ्रेंच शिकवलं होतं.

"आम्ही प्रेम करतो. म्हणा, नू-झे-मों."

"हा 'झे' कुठून आला?"

"'नू'च्या शेवटी एक मुकं अक्षर असतं. पुढे स्वर आला, की ते 'झ' होऊन त्या स्वराच्या घरी जाऊन बसतं. तोंडाने नू-झे-मों म्हणायचं, पण अर्थ तिथे तुटत नाही. धातू 'एम्', आणि 'ओं' म्हणजे आम्ही. 'ए' लावलात, तर तुम्ही."

"आपल्या करतो, करतासारखं. शेपटावरून माणूस ओळखायचा."

पेंगत पेंगत त्या गिरवायच्या, पुसायच्या. मीही झिजत होते.

शेवटी एका शनिवारी, शब्बाथच्या सुट्टीला, त्या मझलच्या घरी गेल्या. धीराला मी पिशवीत होतेच. मझलने चहा दिला. योखेवेदबायनी कप खाली ठेवला.

"नू... झे... मे मेइर."

शेपूट चुकलं होतं. मझलने कपाळाला आठी घातली.

"नों, मादाम. नू-झे-मों."

"नू-झे-मों," योखेवेदबाय थकल्या आवाजात म्हणाल्या.

"वी. नू-झे-मों मेइर," मझल मान डोलावत म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकल्यासारखी थबकली. तिची नजर समोरच्या बाईच्या भेगाळलेल्या हातांवर गेली. मग हळूच पुढे म्हणाली, "ए लेआ." म्हणजे आमचं मेइरवर प्रेम आहे, आणि लेआवरही.

मित्रांनो, दुसऱ्याची भाषा बोलताना कुणी अडखळलं, तर हसू नका. चुकलेलं तेवढं पुसा, बरोबर ते लिहून द्या. पुसताना मात्र हात हलका ठेवा.