सगळ्यांना सारखाच नियम

आर्लीन स्कॉगस्टॅड शाळामंडळाच्या अध्यक्ष होऊन अकरा वर्षं झाली होती. हॅल्व्हर हे अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं नऊशे वस्तीचं गाव. शाळा एकच, आणि मंडळाचे सभासद पाच. सगळे गावातलेच, निवडून आलेले, बिनपगारी. मास्तर नेमायचे, बसचे रस्ते ठरवायचे, छप्पर गळलं तर माणूस शोधायचा, आणि एखाद्या पोराला शाळेतून काढायची वेळ आली तर तेही ह्या पाचांनीच ठरवायचं.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू झाले. वेड ल्युडके हा बारावीतला मुलगा रविवारी बापाबरोबर शिकारीला गेला आणि सोमवारी तसाच शाळेत आला. बंदूक गाडीत सीटमागेच राहिली होती. कुणीतरी ती पाहिली आणि कार्यालयात जाऊन सांगितलं. शाळेच्या आवारात बंदूक म्हणजे एक वर्ष बाहेर, असा नियम. मंडळाला वाटलं तर शिक्षा कमी करता येते, हेही त्याच नियमात लिहिलेलं होतं.

वेड आर्लीनबाईंच्या शेजारचा. त्यांचा नवरा गेल्यापासून दारातलं बर्फ तोच काढायचा, न सांगता. पुढच्या रविवारी चर्चमधून निघताना त्याचा बाप जीन त्यांच्याजवळ आला.

"आर्लीन, पोरगं झोपत नाही गं रात्रभर. तू न् मी शाळेत होतो तेव्हा बंदुका गाड्यांतच असायच्या की! मास्तरच विचारायचे, काय मारलंस म्हणून."

"सुनावणीआधी मला यावर बोलता येत नाही, जीन."

"बोलू नकोस. नुसतं लक्षात ठेव."

लक्षात ठेवायला त्यांच्याकडे आणखीही एक गोष्ट होती. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ट्रॉय पुर्व्हिस नावाच्या मुलाच्या गाडीत ससे मारायची छोटी बंदूक सापडली होती. पोरगा ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीतला, गावात नवा. मंडळाने त्याला वीस मिनिटांत, पाच विरुद्ध शून्य मतांनी काढून टाकलं. शिक्षा कमी करावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आर्लीनबाईंच्याही नाही. आता ते त्यांना राहून राहून आठवत होतं.

सभा शाळेच्या ग्रंथालयात भरायची. एरवी तीन माणसं येत. त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. सगळ्यात मागे ट्रॉयची आई डार्ला बसली होती. वृद्धाश्रमातली पाळी संपवून ती तशीच कामाच्या कपड्यांत आलेली. सुरुवातीला गावकऱ्यांना तीन-तीन मिनिटं बोलायची मुभा असते. डार्ला उठली. तिच्या हातात लिहून आणलेला कागद होता.

"मी डार्ला पुर्व्हिस. ल्युडकेंच्या मुलाबद्दल बोलायचंय. माझ्या ट्रॉयला तुम्ही—"

शाळेच्या अधीक्षकांनी आर्लीनबाईंकडे पाहिलं. सभेत कुठल्याही विद्यार्थ्याविषयी नाव घेऊन बोलायचं नाही, हा नियम आर्लीनबाईंना तोंडपाठ होता.

"थांबा, डार्ला. विद्यार्थ्यांविषयी इथे बोलता येत नाही."

"अहो, ट्रॉय माझाच मुलगा आहे."

"तरीही नाही. माफ करा."

 डार्ला कागदाची घडी घालून खाली बसली.

सुनावणी दार लावून झाली. वेड एवढंच म्हणत राहिला, "मी विसरलो. खरंच विसरलो हो." मग दार उघडलं. मतदान सगळ्यांदेखत, पण नाव न घेता, 'विद्यार्थी क्रमांक दोन' असं म्हणून. तो कोण हे पोराबाळांनाही ठाऊक होतं. एक वर्ष काढावं का? दोघं हो म्हणाले, दोघं नाही. अध्यक्षांचं मत शेवटी.

आर्लीनबाईंनी मान वर केली. मागे डार्ला दिसत होती. शेजाऱ्याच्या पोराला एक न्याय आणि हिच्या पोराला दुसरा, हे हिच्या तोंडावर कसं करायचं?

"हो," त्या म्हणाल्या.

जीनने टोपी घातली, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि कुणाकडेही न बघता त्याला घेऊन गेला.

बाहेर डार्ला आपल्या गाडीजवळ उभी होती. आर्लीनबाई आपणहून तिच्याकडे गेल्या.

"नियम सगळ्यांना सारखाच हवा, डार्ला. तुमच्यासाठी तेवढं तरी मी—"

"माझ्यासाठी?" डार्लाने तो कागद त्यांच्या हातात कोंबला. "वाचा. ह्या पोराला काढू नका, हे सांगायला आले होते मी. ट्रॉयचं वर्ष गेल्या महिन्यात संपलं. आला का तो परत? टर्की पक्ष्यांचं मांस कापायच्या कारखान्यात राबतोय, तिकडे साउथ डकोटात. ह्याला ठेवलं असतंत तर मी त्याला म्हणाले असते, बाबा, चूक त्यांची होती, त्यांनाही कळलंय ते. आता काय सांगू?"

 दिव्याखाली उभं राहून आर्लीनबाईंनी कागद वाचला, तोवर डार्लाची गाडी निघून गेली होती.

डिसेंबरच्या सभेत त्यांनी तेवढ्यापुरतं अध्यक्षपद उपाध्यक्षांकडे देऊन ठराव मांडला: दोन्ही शिक्षांचा फेरविचार व्हावा. अनुमोदन कोण देतंय, असं उपाध्यक्षांनी दोनदा विचारलं. वेडच्या बाजूने मत दिलेले दोघंही समोरच्या कागदांत बघत राहिले; ट्रॉयचं प्रकरण उकरायची त्यांची तयारी नव्हती. अनुमोदन नाही म्हणून ठराव तिथेच पडला. नाताळाआधी वेड मोंटानाला काकाकडे, रेल्वेच्या कामावर निघून गेला. जीन चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसू लागला.

जानेवारीतल्या एका शनिवारी आर्लीनबाई डार्लाच्या ट्रेलरवर गेल्या. डार्लाने कॉफी दिली.

"मी ठराव मांडला होता. कुणी साथ दिली नाही."

"ऐकलं मी."

"ट्रॉयला सांगाल का, की मला—"

"मी का सांगू? तुमचं तुम्हीच सांगा." डार्लाने फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

पलीकडे यंत्रांचा आवाज होता. "आई?"

"मी आर्लीन स्कॉगस्टॅड."

"कोण?"

"शाळामंडळाची. हॅल्व्हरहून."

 ट्रॉय म्हणाला, "माझी जेवणाची सुट्टी संपत आलीय बाई. काय काम होतं?"

"आमची चूक झाली, ट्रॉय. माझी चूक झाली."

"बरं," तो म्हणाला.  "आईकडे द्या ना."

डार्ला फोन घेऊन खिडकीशी गेली आणि त्याला विचारू लागली की हातमोजे मिळाले का, खोकला कमी आहे का, जेवतोस ना वेळेवर. आर्लीनबाई मेजाशी बसून राहिल्या. ट्रॉयचा चेहरा आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. वीस मिनिटं तो त्यांच्यासमोर बसला होता, आणि त्यांना काहीच आठवत नव्हतं.