अंगठ्याखालची हवा

फुस्स.

चनबसप्पानं अंगठा प्लगच्या भोकावरून काढला, पँटला पुसला आणि पुन्हा दाबून धरला. डाव्या हातानं किक खाली ढकलली. पुन्हा तेच. फुस्स.

त्याचा विश्वासच बसेना. सिलिंडर आतून कातून केलेलं नवं बोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. बुलेटचं इंजिन त्यानं स्वतः सगळं खोलून, धुऊन, पुसून पुन्हा भरलं होतं. अशा इंजिनात पिस्टन वर आला की आत कोंडलेली हवा अंगठा फट्कन उडवून लावते. आणि हे दमेकरी म्हाताऱ्यासारखं फुसफुसत होतं.

हा दाब म्हणजेच कॉम्प्रेशन, गाडीचा जीव. तो मोजायचा काटा बाजारात मिळतो. पण सात रस्ता चौकामागच्या या गल्लीत चनबसप्पानं उभी हयात काट्याशिवाय काढली होती. कुणी सुचवलंच तर दोन्ही अंगठे वर करून तो म्हणायचा, "देवानं दोन दोन काटे दिलेत की!" त्याचा नियमही ठरलेला. अंगठा उडाल्याशिवाय प्लग बसवायचा नाही आणि गाडी सुरू करायची नाही. मग ती कलेक्टरची असो नाहीतर मेंढपाळ धुळाप्पाची.

आजची गाडी धुळाप्पाची होती. तो सकाळपासून दारातल्या जुन्या टायरवर बसून होता.

"मिस्त्री, काय झालं?"

"दम न्हाय धरत."

"म्हंजी आज न्हाय व्हायची? मेंढरं करमाळ्याकडं गेल्यात. माजी बायकू तानाबाई येकटीच हाय तितं. कोकरं आजारी पडल्यात, औषध घिऊन आजच पोचाय पायजे मला."

"आजच पोचणार तुमी. जबान दिलीया मी."

जबान दिली खरी, पण खोट सापडत नव्हती. त्यानं हेड उतरवलं. व्हॉल्व्हवर रॉकेल ओतून बघितलं; थेंबभर झिरपलं नाही. सिलिंडर वर उचलून रिंगा तपासल्या; जशा बसवल्या होत्या तशाच होत्या. मग उरलं काय? उरलं फक्त बोअर. आणि बोअर केलं होतं शेजारच्या शेडमधल्या अण्णारावनं, ज्याच्याबरोबर तो रोज दुपारी एकाच डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात आला होता.

चनबसप्पा जागचा उठला तो थेट अण्णारावच्या दारात.

"अण्णाराव, बोअर बिघडवलंस तू! लई माल खाल्लाय तुझ्या लेथनं."

अण्णारावनं लेथ बंद केली. त्याच्याकडे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"हळू बोल की."

"हळू कशाला? नव्या इंजिनाची वाट लावलीस. डोळे गेले असतील तर घरी बस!"

"माझ्या बापापासनं ही लेथ चालतीया," अण्णाराव म्हणाला. "आजपातूर कुणी बोट दावलं न्हाय. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत हाय तुझी."

गल्ली गोळा झाली. चहावाला कप हातात घेऊन तसाच थांबला. धुळाप्पानं बिचकत विचारलं, "मंग मिस्त्री, दुसरीकडनं बोअर करून आणू?"

"व्हय. दुसरीकडंच न्या. हितं नगं," चनबसप्पा ओरडला.

हे ऐकून अण्णारावचा चेहरा पार उतरला. दोघांतलं एक गिऱ्हाईक आपला सिलिंडर उचलून हळूच निघून गेलं. अण्णारावनं हात पुसले आणि चनबसप्पाच्या दुकानात येऊन उभा राहिला.

"जोड परत. माझ्याम्होरं जोड."

चनबसप्पानं रागारागात सगळं पुन्हा जोडलं, बोल्ट आवळले, अंगठा दाबला आणि किक ढकलली. फुस्स.

"ऐकलंस?"

अण्णारावनं त्याला बाजूला सारलं आणि आपला अंगठा भोकावर ठेवून किक दाबली.

फट्ट!

अंगठा उडाला. तेलाचा शिंतोडा अण्णारावच्या कपाळावर आला. धुळाप्पा टायरवरून उठूनच उभा राहिला.

"ह्याला दम न्हाय म्हनतोस?" अण्णाराव तापला होता. "चार लोकांत माझी अब्रू काढायला हीच थट्टा सापडली व्हय रे तुला?"

पण चनबसप्पाच्या तोंडाकडे बघून तो पुढचं बोलायचा थांबला. थट्टा करणाऱ्याचं तोंड असं नसतं.

चनबसप्पानं पुन्हा अंगठा लावला. फुस्स. डावा लावून बघितला. त्याचंही रडगाणं तेच.

"यप्पा," तो पुटपुटला. "असं कसं?"

अण्णारावनं त्याचा उजवा हात हातात घेऊन उलटा केला. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोल बसला होता. रोज बघण्यातला हात, पण गल्लीत कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"माझं बोट दाब."

"दाबतोय की."

"जोरात दाब."

"दाबलंय की रे!"

अण्णारावचं बोट त्या पकडीत सैल पडून होतं. असा अंगठा भोक काय बंद करणार, हवा बाजूनंच निसटत होती. त्यानं दुसऱ्या हातानं बाकावरची आखणी उचलली, पत्र्यावर रेघ ओढायची ती टोकदार सळई, आणि चनबसप्पाच्या अंगठ्यावर टेकवली.

"कळतंय काय?"

"काय कळायचंय? कर की काय करायचं ते."

"खाली बघ."

चनबसप्पानं खाली बघितलं. आखणीचं टोक कातडीत रुतलं होतं आणि अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता. तो त्या थेंबाकडे बघतच राहिला. जणू दुसऱ्याच कुणाचं रक्त होतं ते. दुखत नव्हतं. दुखायला हवं होतं आणि दुखत नव्हतं, याचीच त्याला इतकी धास्ती बसली की तो मटकन खाली बसला.

मग एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. दिवाळीपासून किती इंजिनं त्यानं उगाच पुन्हा खोलली होती. रिंगा विकणाऱ्या मायाप्पाला भर दुकानात लबाड म्हणून त्याचा माल परत फेकला होता. आणि सावित्रम्मा? ती हल्ली सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. "तुमाला घाई असती," म्हणायची. म्हणजे बायकोला कळलं होतं. ज्याचे हात त्याला सोडून सगळ्यांना कळायची वेळ आली होती.

"शुगर बघितलीस काय कधी?" अण्णारावनं शेजारी बसत विचारलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "न्हायतर नस दबली असंल. डॉक्टरला दावू. बरं हुतंय."

"हुतंय?"

अण्णारावला तरी काय माहीत? त्यानं फडक्यानं तो रक्ताचा थेंब टिपला.

"मिस्त्री," धुळाप्पानं हळूच विचारलं, "मंग ते बोअरचं कसं करायचं?"

चनबसप्पा उठला. बाहेर येऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि मघाशी ओरडला होता तेवढ्याच मोठ्यानं ओरडला, "अण्णारावचं बोअर चोख हाय! खोट माझ्या हातात हाय. मघाशी बोललो ते चुकीचं बोललो!"

चहावाल्यानं मान खाली घातली. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांनाच जास्त अवघडल्यासारखं झालं.

"धुळाप्पा, हिकडं या. आंगठा ठिवा हितं. घट्ट."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"ठिवा तर."

धुळाप्पानं भीत भीत अंगठा ठेवला. चनबसप्पानं किक दाबली. फट्ट! "आयला, उडालाच की!" म्हणत धुळाप्पा मागं सरला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. चनबसप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं आणखी एकदा ठेवायला लावला, पुन्हा उडाला, पुन्हा धुळाप्पा हसला. मग चनबसप्पानं मान हलवली. इंजिन पास झालं होतं.

आता प्लग. त्यानं नवा प्लग पुड्यातून काढून भोकाशी नेला. प्लगचे पहिले वेढे बोटांनीच फिरवायचे असतात. आटे सरळ धरले की वाकडे, ते बोटांना कळतं, आणि वाकडा गेलेला प्लग हेडच्या आट्यांची वाट लावतो. चनबसप्पाचा हात भोकापाशी थांबला. मग त्यानं प्लग अण्णारावपुढे धरला.

"तू लाव."

अण्णारावनं प्लग घेतला आणि वाकून सावकाश फिरवायला लागला. चनबसप्पा पान्हा घेऊन त्याच्याशेजारी उभा राहिला. अण्णारावनं न बघता हात मागं केला, तेव्हा चनबसप्पानं पान्हा त्याच्या हातात दिला.