एक्ही प्रकारची शिलाई मशिन्स

"काका, तुम्ही आमची गिऱ्हाइकं पळवता का हो?"

प्रश्न टकळीच्या तोंडून सुटला आणि रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानाआड दबा धरून बसलेल्या मैत्रिणींच्या टोळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. पैज त्यांनीच लावली होती. मधल्या सुट्टीत बॉबिन म्हणाली होती, "तुझी टकळी फक्त वर्गात चालते. काकांसमोर गेलीस की दातखीळ बसते." बॉबिन म्हणजे शिंपीणबाईंची मुलगी. टकळीची सगळ्यात जवळची मैत्रीण, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त डिवचणारी. असं कुणी म्हटल्यावर गप्प बसायचं असतं, तर तिचं नाव टकळी कशाला पडलं असतं?

काका एक शिलाई मशीन आडवं पाडून त्याच्या पोटात बघत होते. दातांत धरलेला स्क्रू त्यांनी तळहातावर काढला.

"हे बापाने शिकवून पाठवलं?"

"नाही. मैत्रिणींनी."

"वा! म्हणजे आता आमची लक्तरं शाळेच्या वेशीवर."

तर त्या लक्तरांची हकिगत अशी. रस्त्याच्या या बाजूला बाबांचं दुकान, त्या बाजूला काकांचं. दोन्हीकडे शिलाई मशीन विकणं आणि दुरुस्ती. पूर्वी एकच दुकान होतं, दोघांचं. मग काहीतरी फाटलं. काय, ते घरात विचारलं की आई भांडी आपटायला लागायची, त्यामुळे टकळीने विचारणं सोडून दिलं होतं. पण एकत्र असताना काकांनी दुकानाची वेबसाइट बनवली होती आणि तिच्यावर फोन नंबर होता काकांचा. दुकान बाबांकडे राहिलं, साइटही बाबांच्याच दुकानाची राहिली, पण गिऱ्हाइकाने नंबर फिरवला की घंटी वाजायची समोरच्या बाजूला. बाबा काउंटरवर बसून ती ऐकायचे आणि दात खायचे.

"मग नंबर बदला ना साइटवरचा," टकळी म्हणाली.

"कसा बदलू? ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती साइट बनवली ते कंपनीने बंद केलं. मसणात गेलं. नव्या कॉम्प्युटरवर उघडतसुद्धा नाही. तुझ्या बापाला हे शंभरदा सांगून पाठवलं, पण त्याला वाटतं मी सोंग करतोय."

"सॉफ्टवेअर गेलं म्हणून पान थोडंच जातं? पान म्हणजे नुसता मजकूर असतो, काका. साध्या एडिटरमध्ये उघडायचं, हवं ते बदलायचं, परत चढवायचं. आम्ही शाळेत केलंय."

"शाळेत केलंय," काकांनी तिच्याच सुरात वेडावून दाखवलं. मग खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा फाडून त्यावर पासवर्ड लिहिला आणि तिच्या अंगावर भिरकावला. "घे. करून दाखव. आणि बापाला सांग, यापुढे माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

टकळी पुठ्ठा नाचवतच रस्ता ओलांडून आली. मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या. पैज जिंकली होती, वर हे फुकटात.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिने पान उघडलं आणि तिचे डोळेच पांढरे झाले. त्या मेलेल्या सॉफ्टवेअरने काय पसारा मांडून ठेवला होता! नुसतं 'संपर्क' एवढं लिहायला त्याने त्या शब्दाला आत, आतल्याच्या आत, त्याच्याही आत असं गुंडाळलं होतं, जसं काही तो शब्द थंडीने मरणार होता. पण टकळी हटली नाही. गुंडाळ्या बाजूला करत करत तिने नंबर शोधला, काकांचा काढला, बाबांचा घातला, पान चढवलं. बाबांच्या खिशातला फोन त्याच संध्याकाळी वाजला. बाबांनी तो कानाला लावला आणि समोरच्या दुकानाकडे असं बघितलं की जणू किल्लाच सर केला.

"शाब्बास! आता ते 'दोन' काढ."

"कुठलं दोन?"

"मथळा वाच की! 'दोन भाऊ, एक दुकान.' कसले दोन? तो चालता झाला. सगळ्या पानांवरचं दोन काढ, एक घाल."

"सगळ्या?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. मला त्या माणसाचा वाससुद्धा नकोय."

आता पानं बरीच होती, आणि टकळीला आपल्या हुशारीचा नुकताच साक्षात्कार झालेला. एकेक पान कोण वाचत बसणार? तिने सगळ्या फाइली एकदम घेतल्या. शोधा: दोन. त्याऐवजी घाला: एक. सगळीकडे. बटण दाबलं आणि खुर्चीत एक गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात बॉबिन फोन लपवून आणून वाचत होती आणि हसून हसून बाकावर आडवी पडत होती.

"'आमच्याकडे एक्ही प्रकारची मशिन्स मिळतात!' अगं, एक्ही म्हणजे काय? शिंक आहे का ही?"

'दोन्ही'मधला 'दोन' गेला होता आणि 'ही' बिचारा एकाच्या गळ्यात लटकला होता. मशीनला आठवड्यातून दोनदा तेल घाला असा सल्ला होता, तिथे आता एकदा होतं. सगळ्यात गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मथळा जागच्या जागी हसत होता: दोन भाऊ, एक दुकान. कारण त्या सॉफ्टवेअरने मथळा अक्षरांत नव्हे, चित्र म्हणून ठेवला होता आणि चित्रातलं 'दोन' शोधाशोधीत कुठून सापडणार! टकळीही हसली. संध्याकाळी नीट करू म्हणाली. हसण्यासारखं त्यात तोवर बरंच होतं.

शाळा सुटल्यावर ती दुकानात आली, तर काउंटरवर शिंपीणबाईंचं मशीन ठेवलेलं आणि शिंपीणबाई कमरेवर हात देऊन उभ्या.

"दीड वर्ष झालंय फक्त, दादा. टाका सुटतो, दोरा गुंततो. हमीत करून द्या."

बाबांनी मशीनला हातही लावला नाही. "हमी एक वर्षाची आहे, बाई."

"दोन वर्षांची! तुम्हीच सांगितलं होतं, इथेच, याच काउंटरवर."

"मी सांगितलेलं सोडा. पावतीवर काय लिहिलंय? 'हमीच्या अटी वेबसाइटवर पाहा.' पाहा मग." बाबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. 'प्रत्येक नव्या मशीनवर एक वर्षाची हमी.' "लिहिलेलं दिसतंय ना? वाचता येतं ना?"

टकळी पुढे झाली. "बाबा, ते माझ्याकडून..."

"तू आत जा."

"पण मीच ते..."

"आत जा म्हटलं ना!"

शिंपीणबाईंनी टकळीकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोरीकडून लिहून घेतलंत होय? बरंय. माझ्या घरात त्या मशीनवर चूल पेटते, दादा. तुमच्या स्क्रीनवर नाही." मशीन उचलून त्या तडक रस्त्यापलीकडे गेल्या, काकांकडे.

"बाबा, तुम्हाला माहितीये ते चुकलंय. हमी दोन वर्षांचीच होती."

"होती. आता नाही." बाबा चक्क खुशीत होते. "चुकून का होईना, तू कामाचं केलंस. दुसरं वर्ष म्हणजे निव्वळ फुकटची हमाली. ते तसंच राहू दे. मथळा तेवढा काढ."

आई मागच्या खोलीतून सुयांची पाकिटं घेऊन आली. "काय आरडाओरडा चाललाय?"

"आई, बॉबिनच्या आईला बाबांनी खोटं सांगून परत पाठवलं!"

"हळू बोल. बापाला खोटारडा म्हणतेस? दुकानाचं दुकानात राहू दे. कोण वाचतंय ती साइट!"

"आत्ता बाबांनीच वाचून दाखवली!"

आईने पाकिटं खणात कोंबली आणि खण खाडकन लावला. म्हणजे विषय संपला.

बॉबिनने मात्र तो उघडाच ठेवला. सकाळी वर्गात तिने आपलं दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. टकळी तिच्यामागे गेली, तर तोंड फिरवून म्हणाली, "आईचं गिऱ्हाइकांचं काम अडकलंय. तू तुझ्या साइटची गंमत कर जा. एक्ही मैत्रीण नकोय मला तुझ्यासारखी." आजूबाजूच्या पोरी हसल्या. काल याच शब्दावर टकळीही हसली होती. आज तिचे कान तापले.

शाळेतून ती सरळ काकांकडे गेली. शिंपीणबाईंचं मशीन तिथे कोपऱ्यात होतं, अजून उघडलेलं नव्हतं. दोन भावांपैकी एकाला तरी पटेल असं तिला वाटत होतं.

"काका, ती हमी माझ्यामुळे चुकली. सगळे दोन बदलताना तेही बदललं. बाबा परत बदलू देत नाहीत. तुम्ही त्यांना सांगा ना, तुम्हाला माहितीये हमी किती होती. तुम्हीच लिहिली होती."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसत सुटले. इतके, की डोळे पुसावे लागले.

"सांगू? मी? अगं वेडे, राहू दे ते तसंच! तिथे एक वर्ष, माझ्याकडे दोन. कालपासून तीन गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून आलीत. तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने मला दुकान थाटून दिलंय. खबरदार बदललंस तर."

"आणि शिंपीण मावशींचं मशीन?"

"करेन सावकाश. आधी चार लोकांना दिसू दे ना कोपऱ्यात, कुठून आलंय ते. बाईंना सांगितलंय मी, विचारेल त्याला सांगा म्हणून."

एवढी वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सख्खे भाऊ, आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. तेही कशावर? तिच्या चुकीवर.

ती रस्ता ओलांडून दुकानात आली. कॉम्प्युटरसमोर बसली. या वेळी तिने 'सगळीकडे' नावाच्या बटणाला हात लावला नाही. एकेक पान उघडलं, एकेक 'एक' वाचला आणि विचारलं, तू मुळातला की मी घुसवलेला? एक्हीचं दोन्ही झालं. एकदाचं दोनदा झालं. बाबा गिऱ्हाइकाशी बोलताना मान वळवून बघत होते. त्यांना वाटलं मथळा काढतेय. तोही तिने काढला, चित्रच्या चित्र. मग हमीच्या पानावर बराच वेळ टाइप करत राहिली.

गिऱ्हाईक गेलं. आई चहाचे कप घेऊन आली आणि टकळी उठून काउंटरच्या पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिली, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात.

"बाबा, आई, मला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय."

"आता काय नवीन?" आई म्हणाली.

"नंबर तुमचा आहे, बाबा. मथळाही काढलाय. ज्या ज्या गोष्टी आता खऱ्या नाहीत, त्या गेल्या. हमी खरी होती. ती मी परत दोन वर्षांची केलीये. आणि त्याखाली लिहिलंय की मधे चुकून एक वर्ष पडलं होतं, ज्यांना परत पाठवलं त्यांनी मशीन घेऊन यावं."

बाबांचा कप बशीवर आदळला. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. चूक करतानाही विचारलं नव्हतं."

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"मी काढणार नाही. काकांनी बदलू नको म्हटलं, तुम्ही बदलू नको म्हटलं, तरी बदललं. तुम्हाला काढायचंच असेल तर दुसरं कुणीतरी शोधा आणि त्याला सगळं समजावून सांगा, हमी का कापायची ते. मी आत्ता समोर जाऊन मावशींचं मशीन घेऊन येणार आहे. काका देत नाहीत म्हणाले तर तिथेच बसून राहीन. आणलं की इथे काउंटरवर ठेवणार, मधोमध. तुम्ही दुरुस्त करा नाहीतर करू नका. पण दुरुस्त होईपर्यंत मी ते इथून हलवू देणार नाही."