दोरीला बांधलेली डायरी

आमच्या गावात कुणालाही कुणाचा फोन नंबर पाठ नव्हता. पाठ करायची गरजच नव्हती, कारण सगळ्यांचे सगळे नंबर माझ्या डायरीत होते. पुण्याला लेक दिलेली असो, सुरतेला भाऊ असो, नाहीतर नगरला दवाखान्यात मेहुणा असो, माणूस माझ्या बूथवर यायचा आणि म्हणायचा, "शुभे, आमच्या भावाला लाव." कुठला भाऊ, हे मी कधी विचारलं नाही.

केडगाव सोडून पुणे रस्त्यानं थोडं पुढं गेलं की आमच्या गावाचा फाटा लागतो. फाट्यावर सहादेवचं चहाचं हॉटेल आणि त्याच्या भिंतीला लागून माझा एसटीडी बूथ. अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. पोलिओनं माझा डावा पाय लहानपणीच गेला होता. शुभांगीचं आता कसं व्हायचं, असं म्हणून घरातल्या सगळ्यांचे सुस्कारे सोडून झाले, आणि मग पंच्याण्णव साली हा बूथ आला. एका आठवड्यात मी गावातली कामाची बाई झाले. मला त्याचा माज होता. ते लपवण्यात काही अर्थ नाही.

काचेची केबिन, आत फोन, आणि बाहेर माझ्या टेबलावर लाल आकड्यांची पेटी. आत नंबर दाबला की तो या पेटीवर उमटायचा. फोन खाली ठेवला की शेजारचं मशीन करकरत कागदाची पट्टी बाहेर टाकायचं. लावलेला नंबर, तारीख, वेळ, मिनिटं, सगळं त्यावर छापलेलं. पट्टी दोन पदरी असायची. वरची गिऱ्हाइकाला द्यायची आणि खालची मी तारेत टोचून ठेवायची.

डायरी विमा एजंटानं फुकट दिलेली होती, चांगली जाडजूड. एका घराला एक पान. सारखं उठून ती द्यायला-घ्यायला माझा पाय ऐकत नसे, म्हणून मी ती दोरीनं टेबलाच्या खिळ्याला बांधली. दोरी केबिनच्या आतपर्यंत पोचेल एवढी लांब. ज्यानं त्यानं आपलं पान काढायचं, आत न्यायचं, नंबर लावायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या पानावर मी चित्र काढून दिलं होतं, कुणाला बैल, कुणाला कणीस. बनामावशीनं पिंपळाचं पान मागितलं. अशांचा नंबर मी आत जाऊन लावून द्यायची. मला स्वतःला डायरी लागत नसे. एकदा बघितलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, शाळेत गुरुजी याच्यावरून माझं कौतुक करायचे.

बनामावशी बौद्धवाड्यातली. पहिल्यांदा आली तेव्हा केबिनच्या दाराबाहेरच उभी राहिली. उंबऱ्याबाहेर उभं राहायची सवय गावानंच तिला लावली होती. मी म्हणाले, "मावशी, आत जा की. फोन आत आहे." तिच्या आधी पाटलांच्या सुनेनं तोच रिसीव्हर कानाला लावला होता. मावशीनंतर सोसायटीच्या चेअरमननं लावला. कुणी पुसला नाही. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी दुपारभर सहादेवचं डोकं खाल्लं.

"बघ, या यंत्राला ना जात कळत, ना पुढारी कळत. नंबर लावला की लागतो. पन्नास वर्षांत सरकारला जमलं नाही ते या एका वायरीनं केलं."

"वायरीचं दुसरं टोक कुनाच्या हातात हाय, ते बघ आदी," सहादेव म्हणाला. "आन् ती डायरी कशाला उघडी ठेवती? जितं लिवलेलं आसतं तितं वाचनारा आज ना उद्या येतोच."

"तू चहात पाणी किती घालतोस तेवढंच लिहायचं राहिलंय त्यात," मी म्हणाले, आणि विषय संपवला.

बनामावशीचा मुलगा महेंद्र आमच्या गावाला लागून असलेल्या रंगाच्या कंपनीत होता. बारावी झालेला, शांत पोरगा. कंपनीचं खराब पाणी जिथं साठवत तिथं त्याची ड्युटी होती. किती पाणी आलं, किती सोडलं, हे रजिस्टरमध्ये लिहायचं काम त्याच्याकडे होतं. येत्या मार्चमध्ये तो कायम होणार होता. मावशी सगळ्यांना सांगायची, पोरगं पर्मनंट झालं की घराला स्लॅब टाकायचा.

दोन वर्षं हे असं चाललं. मग ओढ्याचं पाणी आधी पिवळट झालं, नंतर विटकरी. ओढा बौद्धवाड्याच्या कडेनं जातो. तिथल्या विहिरीला वास यायला लागला, पोरांच्या अंगाला खाज सुटली. ग्रामपंचायतीत कुणी बोलेना, कारण अर्ध्या गावाची पोरं कंपनीत कामाला.

एका सकाळी महेंद्र बूथवर आला. तळहातावर पेननं नंबर लिहून आणला होता. फोन करून झाल्यावर हात माझ्यापुढं धरून म्हणाला, "ताई, ह्यो लिवून ठिव. परत लागंल."

"कुठला आहे?"

"नगरच्या पेपरचा."

मी पिंपळाच्या पानाचं पान काढलं. त्यावर त्याच्या पुण्याच्या बहिणीच्या शेजाऱ्यांचा नंबर होता. त्याखाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, महेंद्र, पेपर ऑफिस, आणि पुढं नंबर. खाली रेघसुद्धा मारली. त्या महिन्यात तो आणखी दोनदा येऊन गेला. काचेतून "रजिस्टरमधलं सांगतो" एवढे शब्द माझ्या कानावर आले. काय चाललंय ते मला कळलं होतं. मला अभिमान वाटत होता, त्याचा आणि माझ्या बूथचाही.

बातमी आली तेव्हा सहादेवच्या हॉटेलात एकच पेपर दिवसभर फिरत होता. कोणकोणत्या दिवशी कंपनीनं ओढ्यात पाणी सोडलं त्याच्या तारखा छापल्या होत्या, अगदी बरोबर. नाव कुणाचं नव्हतं. चार दिवसांनी सरकारी गाडी आली आणि बाटल्यांमध्ये पाणी भरून घेऊन गेली.

पाचव्या दिवशी कंपनीची जीप बूथसमोर थांबली. एक साहेब उतरले आणि त्यांच्यामागून सुनील, माझा चुलत भाऊ. तो कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. साहेब फार गोड बोलले. कंपनीला बाहेर एक फॅक्स मशीन ठेवायचंय, ते तुमच्याकडे ठेवू, तुमचंही भलं होईल. फक्त मागच्या महिन्याच्या पट्ट्या एकदा नजरेखालून घालायच्या आहेत.

"साहेब, पट्टी ज्याची त्याची असते," मी म्हणाले. "तुमच्या घरच्यांनी माहेरी किती वेळ फोन केला, हे मी गावाला सांगितलं तर चालेल का तुम्हाला?"

साहेबांचं तोंड उतरलं. सुनील खाली बघत होता.

"ताई, लाईन चालू राहायला चार ओळखी लागतात," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

जीप वळताच मी तारेतल्या पट्ट्या उपसल्या, लंगडत सहादेवच्या भट्टीपाशी गेले आणि सगळ्या आत कोंबल्या. संध्याकाळी महेंद्रला सांगितलं, "जाळल्या सगळ्या. आता कुणी काही शोधू शकत नाही."

तो हसला. "मग काय भ्या न्हाई, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन गेली. लाईनमन येऊन खांबावर चढला, उतरला, म्हणाला, "फॉल्ट हाय." कुठं आहे ते त्याला सांगता येईना. लोक म्हणाले, कंपनीचं काम. माझ्याकडे पुरावा नव्हता, म्हणून मी कुणाचं नाव घेतलं नाही आणि आजही घेत नाही. पण मी रोज बूथ उघडत होते. रोज त्या मुक्या फोनपाशी ताठ बसत होते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "बंद आहे, पण मी आहे." भाकरी गोड लागत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढं हरणार होतं.

दहाव्या दिवशी दुपारी रिसीव्हर उचलला तर आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी सहादेवला हाक मारून त्याच्या कानाला रिसीव्हर लावला. तेवढ्यात सुनील सायकलवरून उतरला.

"झाली का चालू? मग पयला फोन माजा, शुभे. सासरवाडीला, सोनईला."

मी इतक्या आनंदात होते की दोरी ओढून डायरी मीच त्याच्या हातात दिली. "घे, काढ तुझं पान."

तो ती घेऊन आत गेला, दार ओढून घेतलं. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती आणि पानं उलटणारा हात. बराच वेळ उलटत राहिला. मला वाटलं पान सापडत नाहीये, म्हणून मी ओरडलेसुद्धा, "अरे, सुरुवातीलाच आहे तुझं." त्यानं हात वर केला. मग एक मिनिट बोलला, बाहेर आला, "लाईन लई क्लिअर झाली," म्हणाला आणि गेला. माझ्या डोळ्यांत न बघता गेला. हे मला त्या वेळी कळलं नाही, नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी महेंद्रला कंपनीच्या गेटवर थांबवलं. तुझं काम संपलं, एवढंच सांगितलं. कागद नाही, कारण नाही.

मी सुनीलच्या घरी गेले. पाय ओढत, भर उन्हात. तो ओट्यावर बसला होता.

"मी काय चोरी केली?" मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला. "दोरीला बांधून चवाट्यावर ठिवली तू. नाव आन, न्हाईतर तू घरी बस, आसं म्हनले मला. मला दोन पोरं हायत. तूच दिली हातात, शुभे."

त्याच्या थोबाडीत मारायची माझी फार इच्छा होती. हात उठला नाही, कारण तो खरं बोलत होता. पट्ट्या छापील होत्या, त्यावर नुसते आकडे होते. त्या जाळून मी शूर झाले. आकड्यांपुढं माणसांची नावं मी माझ्या हातानं, रेघ मारून लिहिली होती, आणि ती जाळायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला ती डायरी म्हणजे माझं चांगुलपण वाटत होती.

परतले तर सहादेवनं न मागता चहा आणून ठेवला. 'मी सांगितलं होतं,' असं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. लोक एकेक करून आले. फोन कुणी केला नाही. ज्यानं त्यानं आपलं पान काढलं, फाडलं, घडी केली, खिशात घातलं. पाटलांची सून आली, चेअरमन आला. एवढी कसली गुपितं असतील यांची, असं एरवी मी म्हटलं असतं. त्या दिवशी मी मान खाली घालून दोरी सैल सोडत राहिले. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा उरला आणि दोन-चार पानं. त्यात पिंपळाचं पान होतं.

महेंद्र पुण्याला बहिणीकडे गेल्याचं सहादेवकडून कळलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी बनामावशी आली. हातात चिठ्ठी होती.

"मावशी, मी लावून देते," मी उठायला लागले. दोन वर्षं तिचा फोन मीच लावून देत होते.

तिनं तळवा वर केला. "बस तू. महेंद्रनं आकडे शिकिवलेत मला."

"कसा आहे तो?"

"हाय. नवं काम लागलंय." तिनं चिठ्ठीची घडी उलगडली. "लेकीच्या शेजाऱ्यांकडं कुनाचा तरी फोन आल्ता. महेंद्र कुटं कामाला जातो, इचारत व्हते. तो नंबर बी तुज्या पानावर व्हता ना, पोरी? आता त्यो तितं ऱ्हात न्हाई. दुसरीकडं ऱ्हातो."

ती हे रागानं म्हणाली नाही. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती आत गेली, दार लावलं आणि चिठ्ठी छातीशी धरून, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. सगळं अंग फोनवर झाकून तिनं एकेक आकडा दाबायला सुरुवात केली. शून्य. दोन. एक. दोन.

पेटी माझ्यासमोर होती. मावशीला ती माहीत नव्हती. तिला वाटत होतं, माझ्याकडे पाठ फिरवली की झालं. लाल आकडे एकामागून एक उमटत होते. मी मान वळवली. रस्त्याकडे बघितलं, सहादेवच्या किटलीकडे बघितलं. पण मी उशिरा वळवली होती, आणि तिचं बोट फार सावकाश चाललं होतं, आणि मध्ये एकदा माझी नजर परत तिकडं गेली. सवय होती. दुसरं काही कारण नव्हतं.

ती बोलली, थोडंच. पट्टी आली. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "दोनी दे." मी दोन्ही दिल्या. मग तिनं डायरीकडे बोट दाखवलं. वाचता येत नव्हतं तरी तिनं आपलं पान स्वतःच काढलं, पिंपळाच्या चित्रावरून. मी ते फाडून तिच्या हातात दिलं. तिनं पान, चिठ्ठी आणि दोन्ही पट्ट्या एकत्र करून पदराच्या टोकाला घट्ट बांधल्या.

"आता तुज्यापाशी काय ऱ्हायलं न्हाई ना?"

"नाही, मावशी," मी म्हणाले.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. तो नंबर मला अजून पाठ आहे.