पोटातली हवा

मित्रांनो, मी एक जुना क्लचचा सिलिंडर आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. ड्रायव्हरने पेडल दाबलं की वरच्या पंपातलं तेल नळीवाटे माझ्या पोटात येतं. मग माझं रबर पुढे सरकतं, दांडा ढकलतं आणि तेव्हाच गिअर पडतो. एवढं माझं काम. मी अडलो की अख्खा टेंपो अडला! पण दसऱ्याला झेंडूचा हार कुणाला? हेडलाइटला. मला मात्र बारा महिने चिखल.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. वाटलं होतं, आता जग बघायचं. कसलं काय! टेंपोच्या पोटाखाली मला बोल्टांनी आवळलं आणि तिथून पुढे मी पाहिलं ते फक्त रस्त्यावरचे खड्डे. समुद्र म्हणजे काय, तेसुद्धा मला माशांच्या पाट्यांमधून गळणाऱ्या खाऱ्या पाण्यावरूनच कळलं.

टेंपोचा मालक दादू. पालघरजवळच्या सातपाटीचा कोळी. पूर्वी त्याची स्वतःची होडी होती आणि धाकटा भाऊ वामन जोडीला असायचा. एका वादळात वामन गेला. दादूने होडी विकली, टेंपो घेतला आणि पुन्हा म्हणून समुद्राकडे वळला नाही. वामनचं नावही त्याने कधी तोंडातून काढलं नाही. बायको मंजुळाने विषय काढला की हा उठून बाहेर जायचा.

तेव्हा तारापूरचे कारखाने वाढत होते. बोईसरच्या बाजारात मासळीला मरणाची मागणी. पण एसटीत पाटी चढवली की कंडक्टर ओरडायचा, "म्हावरं खाली उतरवा!" म्हणून मंजुळा, पारूआत्या आणि आळीतल्या इतर बाया दादूच्या टेंपोतून जायच्या. त्यांच्या भाड्यावर आमचं घर चाले. हो, आमचंच म्हणतो मी, मीही त्यातलाच होतो ना!

आता चूक कशी झाली ते ऐका. होडीच्या लाकडाला मुशीचं तेल चोळतात. मुशी म्हणजे लहान शार्क. तिचं तेल मुरलं की खारं पाणी लाकूड खात नाही. वामनने काढलेल्या तेलाचा एक डबा घरात उरला होता. नारळी पौर्णिमेला सगळी सातपाटी आपापल्या होड्या सजवत होती. दादूला होडी नव्हती. त्याने तो डबा काढला, टेंपोच्या फळ्यांना तेल चोळलं आणि उरलेलं क्लचच्या तेलाच्या बाटलीत ओतलं. होडीला मानवतं ते या गाडीला का नाही मानवणार? बिचाऱ्याने मायेने केलं हो! पण माझं रबर फुगलं. फुगून फुगून मी आतल्या आत घुसमटायला लागलो. कुणाला हाक मारणार?

दोनचार दिवसांनी रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर, मी गच्च रुतलो. पेडल खाली गेलं ते वर येईना. इंजिन नुसतं बोंबलत होतं, चाकं जागची हलेनात. तिकडे घंटा वाजू लागली. गेटमन लाल बावटा हलवत धावत आला.

"उतरा गं सगळ्या!" मंजुळा ओरडली. "होडी लोटतो तशी लोटा!"

"हैय्या! हैय्या!" बायांनी खांदे लावले. वाळूत होड्या लोटलेले खांदे ते! टेंपो रुळांपलीकडे गेला आणि पाठोपाठ गाडी धडधडत निघून गेली.  

पारूआत्याचा पारा चढला. "दादू, आजपासून तुझ्या टेंपोत पाय ठेवायची नाय मी!" बाकीच्या बायांनीही पाट्या डोक्यावर घेतल्या. त्या नाहीत तर टेंपो काय चाटायचा? आणि दादू समुद्रावर परतणार नव्हता. मंजुळा तेवढी टेंपोजवळ थांबली. 

टेंपो ओढत बोईसरला नरहरी मिस्त्रीच्या गॅरेजात नेला. त्याने मला उघडून नाकाला लावलं. "दादूभाऊ, हे काय, म्हावरं तळलं होतं काय यात?" त्याने मला धुतलं, रबरं बदलली, नवं तेल भरलं. पण पोटात हवा अडकली होती. पेडल दाबलं की हवाच दबायची, मी ढिम्म. मित्रांनो, काम येतं, ताकद आहे, आणि तरी हलता येत नाही, असं कधी झालंय तुमचं? जीव नकोसा होतो.

"हवा काढायला दोन माणसं लागतात," नरहरी म्हणाला. "वहिनी, तुम्ही पेडलवर. भाऊ खाली. यांनी दाबून धरलं की तुम्ही हा हवा सोडायचा निपल उघडायचा, बंद केल्यावरच यांनी पाय सोडायचा. बोलल्याशिवाय जमायचं नाही."

आणि तो चहाला गेला. आली का पंचाईत!

"दाब," दादू खालून पुटपुटला.

"धरलाय पाय."

निपल उघडला, त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे खाली ठेवलेल्या बाटलीत आले. पण मंजुळाने पाय आधीच सोडला आणि हवा परत आत.

"सांगितल्याशिवाय कशाला सोडतेस?"

"तुमी कदी सांगता काय? कायच सांगत नाय तुमी!" मंजुळाचा आवाज फुटला. "त्या डब्यातलं तेल गाडीत कशाला ओतलंत?"

खाली दादूचा हात थांबला. पाना माझ्यावर तसाच टेकलेला.

"वामनच्या हातचं होतं," दादू म्हणाला. "हिला कायबी होऊ नये म्हणून ओतलं. त्या दिवशी त्याला मीच बोलावलं होतं गं. तो येत नव्हता." आणि मग तो हमसून हमसून रडला. माझ्या अंगावर पडलेलं ते खारं पाणी मासळीचं नव्हतं.

वरून मंजुळा म्हणाली, "बोला तुमी. मी धरलाय."

तिने पाय हलू दिला नाही. दाबला, धरला, सोडला. तो बोलत राहिला, बुडबुडे येत राहिले. शेवटी नुसती तेलाची स्वच्छ धार आली. मी एका दाबात दांडा ढकलला. काय मोकळं वाटलं, कसं सांगू!

दुसऱ्या सकाळी पारूआत्या रस्त्यात उभीच होती. नेहमी मागे बसणाऱ्या मंजुळाला आज पुढे दादूशेजारी बसलेली पाहून म्हणाली, "ही बसलीय म्हणून बसते हां!" आणि पाटी आत सरकवली. तिच्यामागून बाकीच्याही चढल्या.

त्यानंतर दर नारळी पौर्णिमेआधी ती दोघं माझी हवा काढायची. हवा असो नसो. दादू खाली, मंजुळा वर, आणि गोष्टी वामनच्या.

पुढे टेंपो भंगारात गेला. नव्या गाडीला वायरचा क्लच आहे, त्यात हवा अडकत नाही. मी नरहरीच्या फळीवर गंजत पडलो. परवा मंजुळा आली. केस पिकलेत तिचे. तिने मला पदराने पुसलं.

"याचं काय करणार, वहिनी?" नरहरीने विचारलं.

"घरी नेते. अलीकडं परत गप गप असतात. हा समोर असला की बोलतील."

आता मी त्यांच्या ओट्यावर असतो. मित्रांनो, बाटलीत भलतं तेल ओतू नका, आणि माझा निपल गंजला तसं घरच्या माणसाला गंजू देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, बोल, मी धरलाय.